रात्री उठणारा वर्गमित्र

महाडच्या कॉलेजात आम्ही तीन वर्षे एका बाकावर बसलो. बी.ए. झाल्यावर वर्गातली बरीच मुले आखातात गेली, मी बी.एड. करून शिक्षक झालो, आणि तो पोलादपुरातच राहून जीप चालवू लागला. गेल्या हिवाळ्यात त्याचा इंतकाल झाला. नाव लिहीत नाही. त्याला ते रुचले नसते.

विंचू चावला की वाड्यांवरून त्याला बोलावणे येई, बहुधा रात्रीच. सरपणात, पेंढ्यात, दगडांच्या फटीत राहणारा आपल्याकडचा लाल विंचू थट्टेवारी नेण्यासारखा नाही. दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार. मग फुप्फुसांत पाणी भरते. लहान मुलांना धोका जास्त. १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात आले, तेव्हा यावर खात्रीचा उपचार नव्हता. रुग्णांच्या उशाशी बसून त्यांनी नोंदी ठेवल्या, आणि रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध इथे लागू पडते हे दाखवून दिले. पूर्वी गंभीर दंशाचे शंभरातले तीस-चाळीस रुग्ण दगावत, ते प्रमाण एक-दोनावर आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. (ही गोळी डॉक्टरांनीच द्यायची, घरात आणून ठेवायची नव्हे.)

पण औषध महाडला आणि मूल डोंगरावरच्या वाडीत! मधला रस्ता माझ्या मित्राने अंगावर घेतला. भाडे दिले तर घेई, नाही दिले तर विचारत नसे.

घरोघरी आधी मांत्रिक शोधत, आपल्याकडे दम करणारा. आमच्या मोहल्ल्यातल्या एका खालाच्या नातवाला विंचू चावला, तेव्हा मी तिथे होतो. खाला म्हणाल्या, "आधी दम करून घेऊ." हा म्हणाला, "खाला, गाडीत बसा, वाटेत पढा. दुआला थांबलेली गाडी लागत नाही." खाला पोराला मांडीवर घेऊन महाडपर्यंत पढत गेल्या. तो पोरगा आज मुंबईत नोकरीला आहे.

आता १०८ची रुग्णवाहिका आहे, पण रात्री कुठल्या वळणावर वर चढायचे हे सांगायला माणूस लागतोच. मशिदीच्या फलकावर रात्रीच्या फोनसाठी नावे लिहायची, असे मी जमातीत सुचवले. आजवर दोन आली. त्यांतले एक माझे, आणि मला गाडी चालवता येत नाही.