बर्फ उचलला, गाडी राहिली

हलक्याफुलक्या वाङ्मयाविषयी चार शब्द लिहायचे म्हणजे आपल्याकडे आधी स्वतःच्या अभिरुचीचा दाखला जोडावा लागतो. तो मी जोडणार नाही. इंग्लंड-अमेरिकेत नाताळच्या तोंडावर दरवर्षी प्रेमकथांचा जो पूर येतो, त्यातल्या जेन ऑस्टिनच्या कादंबऱ्यांवर बेतलेल्या कथा मी आवडीने वाचतो. आणि माझे भांडणही त्यांच्याशीच आहे.

विद्वानांचे म्हणणे, अभिजात कृतीला सणाची झिरमिळी लावणे हा विटाळ. या सोवळ्या मंडळींनी ‘एमा’ (१८१५) पुन्हा एकदा उघडावी. नाताळच्या आदल्या रात्रीची मेजवानी, बाहेर बर्फ, आणि परतीच्या गाडीत एमा एकटी सापडताच, यजमानांचे मद्य अंमळ जास्त झालेला पाद्री एल्टन तिला लग्नाची मागणी घालतो! याहून फर्मास नाताळी प्रहसन कोणते हवे? डिकन्सचे ‘ख्रिसमस कॅरल’ यायला तेव्हा अठ्ठावीस वर्षे अवकाश होता. तेव्हा सणही बाईंचा आणि हसणेही बाईंचेच.

पण त्या गाडीत पैसाही बसलेला आहे, तो या विद्वानांना दिसत नाही नि नव्या लेखकांनाही नाही. एमाच्या नावावर तीस हजार पौंड आहेत. जिच्याशी ती एल्टनची गाठ घालू पाहत होती ती हॅरिएट स्मिथ कुणाची तरी अनौरस मुलगी. तिचे नाव निघताच एल्टनला अपमान वाटतो. नकार मिळाल्यावर हा प्रेमवीर बाथला जातो आणि काही आठवड्यांतच दहा हजारांची वधू ठरवून परततो. आपण हसतो खरे, पण हॅरिएटचे काय, हा प्रश्न हसताहसता घशात अडकतो. (ती बिचारी त्या रात्री घसा धरून अंथरुणात पडली आहे.)

नव्यांनी यातला बर्फ तेवढा उचलला. नायक घुमा नि गर्भश्रीमंत, नायिकेची केकची बेकरी, रस्ते बंद, खोली एकच. पैशाची गोष्ट कुणी काढायची नाही. बापाच्या माघारी घर दूरच्या भाऊबंदाकडे जाणार, ही ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’वरची टांगती तलवार काढून घेतलीत की डार्सीचा तोरा म्हणजे नुसता रुसवा उरतो.

काळ बदलला, इलाज नाही, असे म्हणावे तर हेलन फील्डिंगची ‘ब्रिजेट जोन्सेस डायरी’ (१९९६) आडवी येते. तिथे वारसाहक्काची भानगड नाही. पण तिशी उलटलेल्या एकट्या बाईला नववर्षाच्या जेवणावळीत ज्या चौकशा सोसाव्या लागतात, त्यांचे ओझे खरे आहे. म्हणून विनोदही खरा. आपल्याकडे पु. लं.नी १९७५ साली शॉच्या ‘पिग्मॅलियन’ची ‘ती फुलराणी’ केली, तेव्हा लंडन गेले. बोलीवरून माणसाची पायरी ठरते हा काटा मात्र जागेवर राहिला. मी याहून अधिक काही मागत नाही.

ऑस्टिनबाईंची शार्लट लुकास सत्तावीस वर्षांची. रूप नाही, पैसा नाही. कॉलिन्ससारख्या मूर्खाशी ती डोळे उघडे ठेवून लग्न करते. मी वाचलेल्या नाताळी अवतारांत बहुतेक ठिकाणी तिला गोजिरवाणा नवरा नि फुलांचे दुकान मिळाले आहे. कॉलिन्स कुठे गेला, ते कुणी सांगत नाही.