न दुखणारे रक्त

गेल्या रविवारी विहारात वंदना आटोपल्यावर गोदीतून निवृत्त झालेल्या एका काकांनी मला बाजूला घेतले. म्हणाले, "भाऊ, दोन महिने झाले, अधूनमधून लघवी लाल होते. पण दुखत नाही, म्हणून गेलो नाही कुणाकडे." मी पडलो कारकून, डॉक्टर नव्हे. तरी सोमवारी अर्धी रजा टाकून त्यांना सरकारी रुग्णालयात नेले. तपासण्या चालू आहेत.

न दुखणारे रक्तच फसवे असते. इजिप्तमधील नाईलकाठच्या शेतकऱ्यांचेच पाहा. कालव्याच्या पाण्यात उभे राहून काम करताना एक बारीक कृमी त्यांच्या कातडीतून शरीरात शिरे व पुढे मूत्राशयाच्या भिंतीत अंडी घाली. १८५१ साली कैरोत बिल्हार्झ या जर्मन डॉक्टरने ही कृमी शोधली. गावोगाव पोरांच्या लघवीतून रक्त जाई, आणि सगळ्यांचेच जाते म्हणून कोणाला त्याचे काही वाटत नसे. (आपल्याकडे रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी गावीही या रोगाचे रुग्ण आढळले होते.) त्या अंड्यांमुळे मूत्राशय वर्षानुवर्षे सुजलेले राही आणि चाळिशी-पन्नाशीत अनेकांना तेथेच कॅन्सर होई. १९९४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने ही कृमी कॅन्सरला कारण ठरते असे जाहीर केले. पुढे गोळ्या गावोगाव पोहोचल्या, तसे तेथील त्या जातीच्या कॅन्सरचे प्रमाण उतरले.

सुजेतून कॅन्सर कसा होतो? सूज म्हणजे शरीराने रोगाशी मांडलेली लढाई. ती चार दिवसांत संपली तर ठीक. वर्षानुवर्षे चालली तर पांढऱ्या पेशी जी तिखट द्रव्ये सोडतात, त्यांनी आपल्याच पेशी बिघडतात. मोडलेले अस्तर पुन्हा पुन्हा भरताना एखादी बिघडलेली पेशी वाढत सुटते.

एक-दोनदा उन्हाळे लागले म्हणून घाबरू नये. त्याने कॅन्सर होत नाही. मात्र कित्येक वर्षे राहिलेला मुतखडा, वर्षानुवर्षे लावलेली लघवीची नळी, वरचेवर होणारा जंतुसंसर्ग यांकडे डोळेझाक नको. आणि या कॅन्सरचे सर्वांत मोठे कारण विडी-सिगारेट आहे, हे विहाराच्या पायरीवर विडी शिलगावणाऱ्या बांधवांना सांगणे मला भागच आहे.

आपल्या भगिनींची गोष्ट आणखी अवघड. बांधकामावर, धुण्याभांड्याच्या कामावर संडासची सोय नाही, म्हणून त्या पाणीच कमी पितात. जळजळ झाली की धण्याचे पाणी. लघवीतून रक्त दिसले तर पाळीचे समजतात. पाळी गेलेल्या आयासुद्धा लाजेने बोलत नाहीत. त्यामुळे त्यांचा रोग उशिरा कळतो.

लघवीत एकदाही रक्त दिसले, मग ते आपोआप थांबले तरी, लघवीची तपासणी व सोनोग्राफी करून घ्यावी. डॉक्टरांनी दुर्बिणीने मूत्राशय पाहायचे म्हटले तर टाळू नये. खर्चाची काळजी असेल तर रेशनकार्ड व आधारकार्ड घेऊन रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची चौकशी करावी. काकांची दुर्बीण येत्या गुरुवारी आहे.