बेपत्ता वैमानिकाच्या आडून

इंग्लंडमधील रनीमीडच्या स्मारकावर दुसऱ्या महायुद्धात बेपत्ता झालेल्या, ज्यांना थडगेही लाभले नाही अशा वीस हजारांहून अधिक हवाई सैनिकांची नावे कोरलेली आहेत. त्यांतील एखाद्या नावापुढे कुणा बहिणीने फूल ठेवले तर त्यावर आक्षेप घेण्याचे कारण नाही. आक्षेप आहे तो त्या फुलाआड आपली जबाबदारी लपविणाऱ्या राज्यकर्त्यांवर.

ब्रिटनच्या बॉम्बर कमांडमध्ये सुमारे सव्वा लाख तरुण विमानांतून गेले. ५५,५७३ मृत्युमुखी पडले. सारे स्वेच्छेने आलेले, बहुतेक विशीतले. तीस मोहिमा पुऱ्या केल्याखेरीज सुटका नसे. दर मोहिमेत शंभरांतील चार विमाने बुडाली, तर तिसाव्या मोहिमेअखेर शंभरांतील एकोणतीसच उरतात. चक्रवाढीचे हे साधे गणित सेनापतींना ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? ३० मार्च १९४४ च्या रात्री न्यूरेंबर्गवर ७९५ विमाने धाडली गेली. ९५ नष्ट झाली. मन खचून ज्याने उड्डाणास नकार दिला, त्याच्या कागदपत्रांवर 'नैतिक धैर्याचा अभाव' असा शेरा मारून त्याला हलक्या कामाला जुंपले जाई. मालकाच्या यंत्राला पुरा न पडणारा कामगार आळशी ठरतो, तसाच हा न्याय!

आणि या मुलांना धाडले कोणावर? १४ फेब्रुवारी १९४२ च्या आदेशात शत्रूच्या नागरिकांचे, विशेषतः औद्योगिक कामगारांचे, मनोधैर्य हेच मुख्य लक्ष्य ठरविण्यात आले होते. पुढच्याच महिन्यात चर्चिलचे सल्लागार लॉर्ड चेरवेल यांनी घरे पाडून किती लोक बेघर करता येतील याचा हिशेब मांडला. जुलै १९४३ मध्ये हँबुर्गच्या हामरब्रूक या दाट कामगारवस्तीत अग्निवादळ उसळले. त्या हल्लासत्रात शहरातील सुमारे ३७,००० माणसे मेली. कारखानदारांचे बंगले दाट वस्तीत नसतात, हे सांगण्यास अर्थशास्त्र लागत नाही.

हिटलरचा पाडाव अनिवार्य होता. वॉर्सा, रॉटरडॅम, कॉव्हेंट्री त्याच्याच विमानांनी जाळली, हे कोणी नाकारीत नाही. परंतु फॅसिझमविरुद्धच्या न्याय्य युद्धात कामगाराचे घर लक्ष्य करण्याचा निर्णय बंद खोलीत कोणी घेतला, हा प्रश्न त्यामुळे मिटत नाही. खुद्द चर्चिलनेच ड्रेस्डेनच्या विध्वंसानंतर, २८ मार्च १९४५ च्या टिपणात या धोरणाविषयी शंका व्यक्त केली. सेनाप्रमुखांनी हरकत घेताच ते टिपण मागे घेऊन सौम्य करण्यात आले.

पुढचा क्रम पाहावा. बॉम्बर कमांडचा प्रमुख हॅरिस याचा पुतळा लंडनमध्ये १९९२ साली राजमातेच्या हस्ते उभा राहिला. त्याच्या हुकमाने मेलेल्यांसाठी ग्रीन पार्कमधले स्मारक व्हायला २०१२ उजाडले, तेही देणग्या गोळा करून. पदकावर लावायची पट्टी मंजूर झाली २०१३ मध्ये, बहुतेक सहकारी निवर्तल्यानंतर. त्या स्मारकावर बॉम्बहल्ल्यांत मेलेल्या सर्व राष्ट्रांच्या लोकांचा उल्लेख आहे, ही त्यातल्या त्यात चांगली गोष्ट. चर्चिलचे १९४० मधील वाक्यही तेथे कोरले आहे. मार्च १९४५ मधले नाही.