ताप हटंना

मंठ्यात माझं मेडिकल आहे, बावीस वर्षं झाली. मागच्या पावसाळ्यात एक मावशी दवाखान्यातून मिळालेली अर्धी स्ट्रिप घेऊन आल्या. "दादा, पाच दिस खाल्ल्या, ताप हटंना." नाव, बॅच नंबर, एक्स्पायरी, सगळं जागच्या जागी. आत औषध आहे की नाही, हे मला डोळ्यांनी कसं कळणार?

आमचा जालना जिल्हा बियाण्यांचा. बोगस बियाणं निघालं तर आठ दिवसांत शेतच सांगतं. शेतकरी तक्रार करतो, तालुका समिती बांधावर येऊन पंचनामा करते. गोळी बोगस निघाली तर माणसाला वाटतं, आपलाच आजार चिवट. डॉक्टर आणखी जालीम औषध लिहितात. पंचनामा कशाचा करायचा?

मार्च २०२३ मध्ये नागपूर जिल्ह्यात कळमेश्वरच्या ग्रामीण रुग्णालयातून सिप्रोफ्लॉक्सासिनचा नमुना घेतला गेला. त्यात औषधच नाही, हा अहवाल आला डिसेंबरात. नऊ महिने! मग नागपूरच्या इंदिरा गांधी वैद्यकीय महाविद्यालयाच्या भांडारातून २१,६०० गोळ्या जप्त झाल्या. लेबलवरची गुजरातची कंपनी अस्तित्वातच नव्हती. आरोपपत्रानुसार गोळ्यांत टाल्कम पावडर आणि स्टार्च होतं, आणि त्या बनल्या हरिद्वारला, जनावरांच्या औषधांच्या प्रयोगशाळेत. डिसेंबर २०२४ मध्ये अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयातली अ‍ॅझिथ्रोमायसिनची गोळीही तशीच निघाल्याचं उघड झालं. तिथं जाणारी माणसं आमच्याच मराठवाड्यातली.

औषधांचा कायदा १९४० चा आहे आणि कडक आहे. बनावट औषधानं जीव गेला तर दहा वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा. औषध इन्स्पेक्टर दुकानातून नमुना घेतात, चार भाग करून सील लावतात, एक भाग माझ्याकडे ठेवतात. माझी त्याला ना नाही. अजून वारंवार यावं त्यांनी. पण अहवाल येईस्तोवर ती बॅच लोकांच्या पोटात गेलेली असते.

म्हणून सरकारी खरेदीचा माल आधी तपासा, अहवाल हातात आल्याशिवाय भांडारातून एक गोळी बाहेर सोडू नका. संभाजीनगरची सरकारी औषध प्रयोगशाळा जालन्याहून साठेक किलोमीटरवर आहे. तिथं माणसं आणि यंत्रं वाढवा. नापास बॅचचा नंबर त्याच दिवशी, मराठीत, दवाखान्याच्या खिडकीवर आणि माझ्या काउंटरवर लागला पाहिजे.

मावशींच्या स्ट्रिपचा नंबर मी वहीत लिहून ठेवलाय. केंद्राची नापास औषधांची यादी दर महिन्याला येते, इंग्रजीत, लांबलचक. रात्री दुकान बंद केल्यावर मी ती वहीशी ताडून पाहतो.