भरपाईचा हक्क आणि जोडीदाराची ओळख

नवी दिल्ली : राष्ट्रीय आपत्तीत प्राण गमावलेल्यांच्या आप्तांना शासन भरपाई देते, तेव्हा रकमेच्या आधी ‘आप्त कोण’ हे ठरवावे लागते. ११ सप्टेंबर २००१च्या दहशतवादी हल्ल्यांनंतर अमेरिकेत समलिंगी जोडीदारांच्या बाबतीत हाच प्रश्न कळीचा ठरला.

हल्ल्यांनंतर अवघ्या ११ दिवसांत पीडित भरपाई निधीचा कायदा झाला. विशेष अधिकारी केनेथ फाइनबर्ग यांच्या देखरेखीखाली २,८८० मृतांच्या कुटुंबीयांना सरासरी २० लाख डॉलरहून अधिक रक्कम मिळाली. नियमांनी समलिंगी जोडीदारांना वगळले नव्हते. मात्र दावेदार ठरवण्याचे काम मृत्युपत्र आणि संबंधित राज्याचा वारसा कायदा यांच्यावर सोपवले होते. त्या वेळी एकाही अमेरिकी राज्यात समलिंगी विवाहाला मान्यता नव्हती. परिणामी, मृत्युपत्र नसल्यास अनेक वर्षे एकत्र संसार केलेल्या जोडीदाराला मृताच्या आईवडिलांच्या किंवा भावंडांच्या संमतीवर विसंबावे लागे. वाद उद्भवल्यास कायद्याचे पारडे रक्ताच्या नात्याकडे झुकत असे.

राज्यागणिक न्यायही बदलत होता. न्यूयॉर्कने २००२ मध्ये हल्ल्यातील मृतांच्या अविवाहित जोडीदारांना कामगार भरपाईचा लाभ खुला केला. पेंटॅगॉन ज्या व्हर्जिनियात आहे, तेथे अशी तरतूद नव्हती.

मार्ग मात्र उपलब्ध होता. न्यूयॉर्क अग्निशमन दलाचे धर्मगुरू मायकल जज या हल्ल्यात मृत्युमुखी पडले. त्यांच्या नावाने जून २००२ मध्ये झालेल्या कायद्यानुसार, कर्तव्यावर मृत्यू आलेल्या सुरक्षा कर्मचाऱ्याला पती, पत्नी वा अपत्य नसल्यास, त्याने आयुर्विम्यात नमूद केलेल्या व्यक्तीला अडीच लाख डॉलरचा केंद्रीय लाभ मिळू लागला. नात्याच्या नावापेक्षा मृताने स्वतः केलेली निवड येथे ग्राह्य धरली गेली.

विवाहनोंदणीविना खोटे दावे वाढतील, हा आक्षेप गैरलागू नाही. परंतु विमापत्र, संयुक्त बँक खाते, घराचा भाडेकरार यांवरून सहजीवनाची खातरजमा होऊ शकते.

भारतासाठीही हा प्रश्न दूरचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता देण्यास नकार दिला. १९८९च्या रेल्वे कायद्यातील ‘अवलंबितां’ची व्याख्याही पती, पत्नी, अपत्ये, आईवडील अशा नात्यांपुरतीच मर्यादित आहे. विवाहाच्या मान्यतेचा व्यापक वाद मिटण्याची वाट न पाहता संसदेला ही व्याख्या रुंदावता येईल. तोवर अपघातात जोडीदार गमावलेल्या समलिंगी व्यक्तीला भरपाईच्या अर्जात स्वतःसाठी रकाना सापडणार नाही.