१९५३ चा राग, १९७९ चे ओलीस



१९५३ मध्ये इराणचे पंतप्रधान मोसाद्देक यांचे सरकार उलथवणाऱ्या अमेरिकेने १९७९ मध्ये तेहरानच्या अमेरिकी दूतावासात धरलेल्या ओलिसांबद्दल गळा काढू नये, असे गेल्या अंकातील पत्रलेखक म्हणतात. त्या उठावामागे सीआयए होती, हे खरेच. पण अमेरिकेने ओलिसांसाठी दाखल केलेल्या खटल्यात हाच युक्तिवाद इराणने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाला पत्राने कळवला होता. सुनावणीला मात्र इराणचे कोणी फिरकलेच नाही. २४ मे १९८० चा निकाल स्पष्ट आहे: दूतावासातील अधिकाऱ्यांवर आक्षेप असेल तर त्यांना देशाबाहेर काढा, हवे तर संबंध तोडा, पण माणसांना कोंडून ठेवणे मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याशी विसंगत आहे. (याच निकालात अमेरिकेच्या फसलेल्या सुटका मोहिमेबद्दलही न्यायालयाने चिंता नोंदवली. तेव्हा ‘अमेरिकाधार्जिणे न्यायालय’ ही पत्रलेखकांची शेरेबाजी जरा जपून.)

संयुक्त राष्ट्रांच्या १९७९ च्या ओलीसविरोधी कराराच्या १२ व्या कलमाने मुक्तिलढ्यांना सूट दिली, हा पत्रलेखकांचा दुसरा दावा. कलम पुरते वाचायला हवे होते. ज्या सशस्त्र संघर्षात जिनिव्हा करारांनुसार ओलीस धरणाऱ्यावर खटला भरणे वा त्याला हवाली करणे बंधनकारक आहे, तेवढ्यापुरताच हा करार बाजूला राहतो. आणि चौथ्या जिनिव्हा कराराचे ३४ वे कलम एका ओळीचे आहे: ओलीस धरण्यास मनाई. यात सूट कुठे दिसली?

तेहरानमध्ये शेवटपर्यंत ४४४ दिवस कोंडले गेलेले ५२ जण होते. त्यांतले काही मरीन पहारेकरी १९५३ मध्ये जन्मलेलेही नव्हते.

– एक वाचक, सातारा