"त्यात काय विशेष?"

बेल उडताच यष्टीत लाल दिवा लागतो, हे आता आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की त्यात कुणाची बुद्धी खर्ची पडली असेल असे वाटतही नाही. ऑस्ट्रेलियाच्या ब्राँटे एकरमन यांची ही कल्पना २०१४ च्या ट्वेन्टी-२० विश्वचषकात सर्वांनी पाहिली. दिवे होते, बॅटरी होती, यष्ट्या तर केव्हापासून होत्या. मग आधी कुणी का केले नाही?

आमच्या सानपाड्यातल्या एका मित्राने फेकीच्या सरावासाठी जुना टायर टांगला आणि त्याच्या मधोमध पितळी घंटा लावली. नेम लागला की घंटा वाजते. याचे पेटंट, म्हणजे सरकारी मराठीत एकस्व, घ्यावे असे तो म्हणाला तेव्हा कट्ट्यावर हशा पिकला. "त्यात काय विशेष? कुणालाही सुचेल!"

पेटंट मिळू नये, हे माझेही मत आहे. पण कट्ट्याचे कारण मला पटत नाही. उत्तर पाहिल्यावर गणित सोपेच वाटते. (आपले काही प्राध्यापकही विद्यार्थ्याने कवितेचा नवा अर्थ लावला की "हे उघडच आहे" म्हणतात!) कायद्याची कसोटी निराळी आहे. अर्जाच्या दिवशी त्या विषयातल्या जाणकाराला, तोवर ठाऊक असलेल्या माहितीवरून, ही गोष्ट सहज सुचली असती का? म्हणजे तपासणाऱ्याने समोरची वस्तू पाहिलीच नाही असे समजून विचार करायचा. किती कठीण! १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने बिश्वनाथ प्रसाद खटल्यात लेथवर भांडी पकडण्याच्या युक्तीचे पेटंट टिकू दिले नाही, तेही जुनी साधने आणि त्यांचे आधीचे उपयोग तपासून.

१९७० च्या पेटंट कायद्याचे कलम ३(एफ) सांगते की माहीत असलेली साधने नुसती शेजारी मांडली आणि प्रत्येक आपले जुनेच काम स्वतंत्रपणे करीत राहिले, तर तो शोध नव्हे. टायर लटकतो, घंटा वाजते. एकमेकांशी त्यांचा संबंध नाही. त्यासाठी वीस वर्षे साऱ्या मैदानांना मज्जाव करणे अन्यायाचे होईल. दिव्याच्या बेलचे तसे नाही. ती नुसती थरथरली तर दिवा लागता कामा नये, दोन्ही टोके खाचेतून सुटताच लागला पाहिजे. तिथे दिवा आणि बेल एकमेकांवर अवलंबून आहेत.

शिवाय मित्राने ही घंटा महिनाभर मैदानावर सर्वांदेखत वाजवली. अर्जाआधी गोष्ट उघड वापरात आली की तिच्या नवेपणावरच बोट ठेवता येते. हा आक्षेप बिनतोड ठरला असता. कट्ट्यावर तो कुणीच घेतला नाही.